तबला वाजला की तंबोरा बिघडतो

आमच्या गावातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गाण्याची बैठक होते. शे-सव्वाशे माणसे, सतरंज्या, मध्यंतरात आल्याचा चहा. या बैठकीची ध्वनिव्यवस्था बरीच वर्षे माझ्याकडे आहे. ध्वनिव्यवस्था म्हणजे काय, तर माइक लावायचे, वायरी सतरंजीखाली सारायच्या आणि मागून कोणी ‘आवाज येत नाही’ असे ओरडले की अपराधी चेहऱ्याने उठायचे.

तालुक्याचे गाव, त्यामुळे वीज कधी दगा देईल ते सांगता येत नाही. म्हणून सारी मांडणी बॅटरीवर. जुना अँप्लिफायर चांगला होता, पण खादाड. मध्यंतरानंतर बॅटरी मान टाकायची, आणि त्याच्या पाठीवरचे पंखे इतके तापत की पापड भाजून निघावा. म्हणून मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून नव्या पद्धतीचा, ‘क्लास डी’ जातीचा तयार बोर्ड आणला. तळहाताएवढा. पेटीवर छापलेले, ५० अधिक ५० वॉट. बॅटरी रात्रभर पुरेल, पापड भाजणार नाही. मी खूश होतो.

त्या महिन्याला गायला ज्या बाई आल्या त्यांचे वय सत्तरीपुढचे. तंबोरे त्यांचे स्वतःचे, जवारी स्वतः लावलेली. यमन सुरू झाला, आलापी झाली, तबलजींनी ठेका धरला, आणि पाचव्या मिनिटाला बाईंनी हात वर केला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, हे तंबोरे माझे नाहीत.” लोक हसले. त्या हसल्या नाहीत. “नुसते वाजतात तेव्हा ठीक आहे. तबला वाजला की तंबोरा बिघडतो. कुणीतरी त्याच्यावर फडके टाकल्यासारखं.”

उरलेली बैठक त्या माइकशिवाय गायल्या. मागच्या चार रांगांना काही ऐकू आले नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले, “पुढच्या वेळी तुमचा तो जुना डबा आणाल का?”

एवढे ऐकल्यावर मी स्वस्थ बसणे शक्य नव्हते. पण मी काय शोधत होतो ते सांगण्याआधी हे यंत्र चालते कसे ते सांगायला हवे.

पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवतो? भिंतीवरचा तो काळा जाड ठोकळा, पंखा हळू केला की गरम होणारा. पंख्याला जी वीज द्यायची नाही ती तो स्वतःच्या अंगात जाळून टाकत असे. जुन्या पद्धतीचा अँप्लिफायर नेमके हेच करतो. ट्रान्झिस्टर म्हणजे अर्धवट उघडलेला नळ; जेवढे पाणी अडवायचे तेवढा दाब तो स्वतः सोसतो, आणि सोसलेल्याची उष्णता होते. आदर्श परिस्थितीत, पूर्ण जोरात वाजवताना, त्यातल्या ‘बी’ वर्गाची कार्यक्षमता सुमारे ७८ टक्के; गाणे ऐकण्याइतक्या मध्यम आवाजाला ती पुष्कळच खाली येते.

‘डी’ वर्गाची युक्ती वेगळी. नळ अर्धवट उघडायचाच नाही. एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद, आणि हे सेकंदाला चारेक लाख वेळा. जास्त पाणी हवे तेव्हा उघड्याचा वेळ थोडा वाढवायचा, कमी हवे तेव्हा घटवायचा. पूर्ण उघड्या नळाला दाब सोसावा लागत नाही, बंद नळातून पाणी वाहत नाही, म्हणून उष्णता जवळजवळ नाही. नव्वद टक्क्यांवर वीज स्पीकरपर्यंत पोचते. शेवटी तारेचे एक वेटोळे आणि एक कपॅसिटर लावून ही धडधड गाळून टाकायची, की उरते ते गाणे. (‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी झाले होते, पुढचे अक्षर डी, इतकेच.)

कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ साली ‘एक्स-१०’ नावाने असा अँप्लिफायर घरी जुळवायच्या सुट्या भागांत विकायला काढला. कागदावर १० वॉट. त्या काळचे ट्रान्झिस्टर उघडझाप करायला फार मंद, त्यामुळे प्रत्यक्षात पदरी पडे ते बरेच कमी, आणि शेजारच्या रेडिओत खरखर वेगळी. १९७८ साली सोनीने ‘टीए-एन८८’ आणला. तोही फार काळ टिकला नाही. झपाट्याने उघडझाप करणारे मॉस्फेट स्वस्त झाल्यावरच या पद्धतीला बरे दिवस आले. आज तुमच्या खिशातला फोन आणि भिंतीवरचा टीव्ही बहुधा याच पद्धतीने बोलतात.

आता माझा बोर्ड. पहिला दोष निघाला तो बोर्डाचा नव्हता, माझ्या वाचनाचा होता. ५० वॉट हे पेटीवर ठळक होते. चिपच्या माहितीपत्रकात बघितले तर ते २१ व्होल्टला, ४ ओहमच्या स्पीकरवर, आणि तेही १० टक्के विकृती चालवून घेऊन! दहा टक्के विकृती म्हणजे दुधात एक दशांश पाणी नव्हे, एक दशांश ताक. या धंद्यात वॉटचा आकडा असाच मोजायची वहिवाट आहे, आणि पेटीवर ते लिहायची नाही. माझी बॅटरी १२ व्होल्टची, स्पीकर ८ ओहमचे. हिशेब केला तर स्वच्छ आवाज मिळणार जेमतेम ९ वॉट. डग्ग्याची थाप पडली की लाटेचे शेंडे छाटले जात होते.

दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले. आता स्वच्छ ३६ वॉट मिळायला हवे होते. घरी तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावले, वर तबला सोडला. शेंडे छाटले जात नव्हते. पण फडके होतेच. किंबहुना आवाज वाढवल्यावर जास्त स्पष्ट कळू लागले.

मग संगणकाच्या साउंड कार्डावर मोजायला बसलो. नेहमीची चाचणी म्हणजे १००० हर्ट्झचा एकच सूर द्यायचा आणि २०००, ३००० वर किती कचरा निघतो ते बघायचे. त्यात बोर्ड बऱ्यापैकी पास झाला. तेव्हा बाईंचे वाक्य आठवले. नुसते वाजतात तेव्हा ठीक. तक्रार एका सुराची नव्हतीच, दोघांच्या सहवासाची होती. अशा दुखण्याची चाचणी वेगळी आहे: ६० हर्ट्झचा जोरकस खर्ज आणि त्याच्या एक चतुर्थांश जोराचा ७००० हर्ट्झचा बारीक सूर एकदम द्यायचे. निर्दोष अँप्लिफायरमध्ये आलेखावर दोनच काठ्या उभ्या राहतात. माझ्या आलेखावर सात हजारच्या काठीला दोन्ही अंगांनी फांद्या फुटल्या होत्या, साठ-साठच्या अंतराने. डग्गा तंबोऱ्याच्या वरच्या स्वरांना धरून हलवत होता. तंबोऱ्याचे सारे वैभव त्या वरच्या स्वरांत. जवारीचा दोरा सरकवत बसायचे ते त्यांच्यासाठीच. बाईंनी जे कानाने पाच मिनिटांत सांगितले ते मला आलेखावर दिसायला तीन आठवडे लागले.

या जातीच्या अँप्लिफायरमध्ये विकृती शिरायच्या वाटा मोजक्या आहेत. एक वाट उघडझापीतच आहे. वर एक मॉस्फेट, खाली एक. दोघे चुकूनही एकदम उघडे राहिले तर वीज थेट आरपार जाईल आणि दोघे जळतील. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा उघडण्याआधी क्षणभर दोघांनाही बंद ठेवतात. हा क्षण २५ नॅनोसेकंद धरा. फारच थोडा वाटतो. पण चार लाख उघडझापींमध्ये एकेका फेरीला मिळतात अडीच मायक्रोसेकंद. त्यातला हा एक टक्का झाला. हळू आवाजात ही चूक आपोआप भरून निघते, कारण वेटोळ्यातला प्रवाह त्याच फेरीत उलटसुलट वाहतो. आवाज वाढला की प्रवाह एकाच दिशेचा होतो आणि चूक त्याच्या मागे लागते. दुसरी वाट पुरवठ्याची. नळ पूर्ण उघडा म्हणजे टाकीतला दाब थेट बाहेर. बॅटरी दबली की गाणेही दबते. माझ्या बॅटरीची वायर बारीक आणि पाच मीटर लांब होती, हे लिहिताना मला लाज वाटते.

तिसरी वाट त्या शेवटच्या वेटोळ्याची. स्वस्त बोर्डावर ते चिमुकल्या फेराइटवर गुंडाळलेले असते. प्रवाह एका मर्यादेपुढे गेला की फेराइट चुंबकत्वाने तुडुंब भरतो आणि वेटोळे तेवढ्यापुरते वेटोळे राहत नाही. मी २४ व्होल्ट केल्यावर प्रवाह वाढला आणि हे दुखणे उघडे पडले.

यावरचा मोठा उपाय म्हणजे फीडबॅक. माइक शिट्टी मारतो तो नव्हे, त्याच्या उलटा. बाहेर पडलेला आवाज आत आलेल्याशी ताडून बघायचा आणि फरक असेल तेवढी दुरुस्ती करायची. ही युक्ती हॅरोल्ड ब्लॅक या बेल प्रयोगशाळेच्या तरुण इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीच्या होडीत सुचली, आणि ती त्याने हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर लिहून काढली. पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले.

माझ्या चिपमध्येही फीडबॅक होता. मग वेटोळ्याची चूक सुधारली का जात नव्हती? कारण तो वेटोळ्याच्या अलीकडून घेतलेला. घरात आमटीची चव पातेल्यात बघतात. पण मीठ जर ताटात वाढताना सांडणार असेल, तर पातेल्यातली आमटी कितीही चाखा, काय उपयोग? मग सरळ ताटातली का चाखत नाहीत? मीही तेच म्हटले. वेगळ्या सुट्या भागांचा अँप्लिफायर टेबलावर जुळवला, फीडबॅक वेटोळ्याच्या पलीकडून घेतला आणि चालू केला. स्पीकरच्या ट्वीटरमधून धुराची एक बारीक रेघ निघाली. ऐकू काहीच आले नव्हते, कारण मंडल माणसाच्या कानाच्या वरच्या पट्टीत स्वतःशीच बेभान गात होते.

हे का होते, ते तिसऱ्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्याला सांगायला नको. पाणी गार वाटले म्हणून गरम नळ फिरवावा, बंबाचे पाणी यायला वेळ लागतो, म्हणून आणखी फिरवावा, मग चटका बसतो, म्हणून उलटा फिरवावा. बातमी उशिरा पोचली की दुरुस्तीच उपद्रव होते. वेटोळे आणि कपॅसिटर बातमीला तसाच उशीर लावतात.

या कोंडीतून बेल्जियमच्या ब्रुनो पुटझेस यांनी काढलेली वाट मला फार आवडते. या शतकाच्या सुरुवातीला, फिलिप्समध्ये असताना, त्यांनी उलटा विचार केला. मंडल बेभान होणारच असेल तर होऊ द्या, फक्त किती वेगाने ते आपण ठरवू. उशीर असा मापून ठेवायचा की ते सेकंदाला काही लाख वेळाच डोलेल, आणि ते डोलणे हीच उघडझाप! वेगळे घड्याळ नको, आणि चव थेट ताटातली. २०१९ साली त्यांनी लार्स रिस्बो आणि सहकाऱ्यांसह प्युरिफाय या डॅनिश कंपनीतून जो अँप्लिफायर आणला त्याची विकृती मोजायला मोजणाऱ्या यंत्रांचीच कसोटी लागते. त्या मंडळींनीही वेटोळ्याच्या चुंबकत्वाकडे फार बारकाईने बघितले आहे, हे वाचून मला उगाच बरे वाटले.

तसा एक मी टेबलावर चालवून पाहिला. चालतो. पण शंभर माणसांसमोर ठेवण्याइतका माझा त्याच्यावर विश्वास नाही, आणि घरात ट्वीटरही आता एकच उरला आहे. बैठकीसाठी साधा मार्ग धरला. बोर्डावरची चिमुकली वेटोळी उखडली, लोखंडी भुकटीच्या मोठ्या कड्यांवर जाड तांब्याची तार स्वतः गुंडाळली. बॅटऱ्या अँप्लिफायरच्या शेजारी आणल्या, जाड वायर, हातभर. बोर्डाजवळ मोठे कपॅसिटर लावले. पुन्हा ती साठ आणि सात हजारची चाचणी. फांद्या पूर्ण गेल्या नाहीत, पण आधी काठीला टेकलेल्या दिसत होत्या त्या आता शोधाव्या लागत होत्या.

बाई सहा महिन्यांनी परत आल्या. मी काही बोललो नाही. जुना डबा जवळ ठेवला होता, त्यांना दिसेल असा. आलापी झाली, ठेका सुरू झाला, डग्गा घुमला. माझे लक्ष त्यांच्या हाताकडे. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मग हात वर झाला. मी उठलो.

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. मागे वळून तंबोऱ्यावरच्या मुलीला म्हणाल्या, “पंचम उतरलाय गं, जरा चढव.”