फरशीआधी छताचा विचार

घर बांधायला काढले की चर्चा सुरू होते ती फरशीची, दरवाजाची, किचनच्या ओट्याची. छताचा विषय निघतो तो राहायला गेल्यावर, पहिल्या उन्हाळ्यात. आमचेही तसेच झाले. जळगावात वरच्या मजल्यावर अम्मीसाठी खोली बांधली. हवा येईल, नमाजला निवांतपणा मिळेल, असा विचार होता. मे महिन्यात अम्मी जानमाज आणि उशी घेऊन खाली हॉलमध्ये आली. रात्री उशिरापर्यंत वरच्या खोलीत छताची धग जाणवत होती.

कारण साधे आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असे, तो हे ऊन अडवायचा. आपण माती काढली, पण तिच्या जागी दुसरे काही घातले नाही.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये, असे ती सांगते. पाच इंची उघड्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक उष्णता जाते.

ठेकेदाराने आम्हाला पीओपीचे सीलिंग सुचवले होते. त्याने थोडा फरक पडतो, पण वरचा स्लॅब तापायचा तो तापतोच. ऊन स्लॅबच्या वरच अडवलेले बरे. थर्माकोल काँक्रीटच्या मानाने सुमारे ४० पट कमी उष्णता वाहून नेतो. मात्र पॅकिंगचा हलका थर्माकोल छतावर चालत नाही. घट्ट, वजन पेलणारा घ्यावा, किंवा पाणी न शोषणाऱ्या एक्सपीएसच्या शीट घ्याव्यात. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंची शीट, मग उतार देऊन कोबा आणि शेवटी पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, असा क्रम आम्ही ठेवला. शीट उघडी कुठेच ठेवू नये. ती उन्हाने खराब होते आणि आग पकडते.

उशिरा केल्याचा भुर्दंडही बसला. गच्ची काही इंच उंच झाली, त्यामुळे दाराचा उंबरठा आणि पाण्याचे पाइप पुन्हा बसवावे लागले. बांधकाम चालू असतानाच सांगितले असते, तर हे टळले असते. पश्चिमेची भिंत एएसी ब्लॉकची आणि खिडकीवर रुंद छज्जा, हेही तेव्हाच ठरवावे.

एवढा खर्च झेपत नसेल, तर दरवर्षी फेब्रुवारीत गच्ची झाडून चुन्याची पांढरी सफेदी करावी. ऊन परतवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पावसात ती धुपते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा करावी लागते.

सूरह नहलमध्ये विसाव्याचे घर आणि सावली या अल्लाहच्या नेमतींमध्ये गणल्या आहेत. भर दुपारी घरात कोण असते, ते आठवून पाहा: म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्ही मुले, स्वयंपाक करणारी बाई. पैसे कशावर आधी खर्च करायचे, हे त्यांना विचारून ठरवावे. आम्ही तेव्हा विचारले नव्हते.

आमची वरची खोली काही थंडगार झाली नाही. पण रात्रीची तलखी गेली, आणि अम्मीची जानमाज पुन्हा वर गेली आहे.