१२.५ मोठे की १२.०५?

आपल्या वर्धा जिल्ह्यात कापसाचा हंगाम आला की घरात काट्याची पावती येते. बाबा म्हणतात, "वाच बरं, किती भरला?" पावतीवर असते १२.०५ क्विंटल. कोणी घाईत वाचतो, "साडेबारा!"

साडेबारा म्हणजे १२.५. एक क्विंटल म्हणजे १०० किलो. तेव्हा १२.५ चे १२५० किलो झाले, अन् १२.०५ चे फक्त १२०५. फरक ४५ किलोचा! एवढा कापूस वेचायला किती वेळ लागतो, ते आईला विचारा.

क्विंटलमध्ये दशांशचिन्हानंतरचे पहिले घर दशांशाचे. त्यातला एक म्हणजे १० किलो. दुसरे घर शतांशाचे. त्यातला एक म्हणजे १ किलो. १२.०५ मध्ये पहिल्या घरात शून्य बसले आहे, म्हणून ५ ला फक्त ५ किलोचाच मान.

आता १२.४५ आणि १२.५ घ्या. पुष्कळ जण म्हणतात, ४५ हे ५ पेक्षा मोठे, म्हणून १२.४५ मोठे. "बारा पॉइंट पंचेचाळीस" असे वाचले की हा घोटाळा होतो. "बारा पॉइंट चार पाच" असे वाचावे. शंका वाटली तर १२.५ च्या पुढे एक शून्य लिहा. १२.५० झाले, किंमत तीच राहिली. आता ४५ आणि ५० यांत मोठे कोण, हे पहिलीतले पोरही सांगेल.

काही जण उलटेच समजतात. शतांश लहान असतो, म्हणून जास्त आकडे असलेली संख्या लहान! त्यांनी दुकानात जावे. पाव किलो म्हणजे ०.२५, अर्धा किलो म्हणजे ०.५, पाऊण किलो म्हणजे ०.७५. पाव अर्ध्याहून कमी, पाऊण अर्ध्याहून जास्त. दोन्हींत आकडे दोन-दोनच आहेत. आकडे किती आहेत यावर काही ठरत नाही.

चढता क्रम लावायचा असेल तर आधी चिन्हाच्या डावीकडे पाहा. ९.९५ मध्ये नवांची गर्दी असली तरी ते १२.०५ पेक्षा लहानच, कारण ९ हे १२ पेक्षा लहान. डावीकडे सारखे असेल तर दशांश पाहा, तेही सारखे असतील तर शतांश. म्हणून क्रम असा: ९.९५, १२.०५, १२.४, १२.४५, १२.५.

पूर्वी रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तेव्हापासून पैशांचा हिशेब दशांशात लिहिणे सोपे झाले. १.०५ रुपये म्हणजे एक रुपया पाच पैसे. १.५ म्हणजे दीड रुपया, बरं का!

आता हे चढत्या क्रमाने लावा: ३.७, ३.०७, ३.६९, ३.१७, २.९९. उत्तर वहीत लिहून उद्या दाखवा. पालकांनीही करून पाहायला हरकत नाही.