लपविल्या दुखण्याचा मागोवा

भातसेच्या काठच्या खडवलीहून मुंबईकडे निघालेल्या लोकलगाडीच्या खिडकीतून, लोहमार्गालगतच्या भिंतींवर गुप्तरोगांचा हमखास इलाज सांगणाऱ्या ज्या जाहिराती वर्षानुवर्षे दिसत आल्या, त्या वाचल्याचे कोणी कबूल करीत नसला, तरी त्यांवरील पत्ता मनाशी टिपून घेणारा एखादा प्रवासी त्या डब्यात असतोच. कारण जननेंद्रियावर चामखीळ उठली, तर ती गावच्या ओळखीच्या डॉक्टरास दाखविण्यापेक्षा, जेथे आपले नावगाव कोणास ठाऊक नाही अशा परक्या दवाखान्याची पायरी चढणे पुरुषास सोयीचे वाटते, आणि स्त्री तर बहुधा तेवढेही न करता ते दुखणे अंगावर काढते.

वास्तविक ही व्याधी नवी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाचे म्हणजे मूळव्याधीचे विवेचन करताना मेढ्र (शिश्न) आणि योनी येथील मांसांकुरांचाही निर्देश आहे, आणि अर्शावर भेषज, क्षार, अग्नी व शस्त्र असे चतुर्विध उपाय त्याच ग्रंथात सांगितले आहेत. त्या ग्रंथकाराने या अंकुरांचे कारण प्रकुपित दोषांत शोधले, रोग्याच्या चारित्र्यात नव्हे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण पुढे इंग्रजी अंमलात 1868 साली सांसर्गिक रोगांचा जो कायदा झाला, मुंबईतही काही काळ लागू राहिला आणि 1888 साली रद्द झाला, त्याने तपासणीचा सारा जाच वेश्यांच्या माथी मारला व त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांस मोकळे सोडले. या रोगांभोवतीच्या मौनाविरुद्ध मराठीत निर्भयपणे उभे राहिले ते रघुनाथ धोंडो कर्वे. 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढून त्यांनी कामविज्ञान व गुप्तरोग यांविषयी सरळ भाषेत लिहिले, आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला गुदरला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तथापि निकाल विरुद्ध जाऊन दंड भरावा लागला.

गरमी (उपदंश) आणि परमा यांच्या भयापुढे चामखिळीकडे शास्त्रज्ञांचेही लक्ष उशिराच गेले. 1907 साली इटलीच्या चिउफो यांनी चामखिळीचा अर्क सूक्ष्म गाळणीतून गाळून टोचला व तरीही चामखीळ उठते हे दाखविले, म्हणजे कारण जंतूहूनही सूक्ष्म होते; 1954 साली कोरियाच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पत्नींना काही आठवड्यांतच असे अंकुर उठल्याची नोंद झाल्यावर संसर्गाची वाट स्पष्ट झाली; आणि 1980 च्या सुमारास जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत पॅपिलोमा विषाणूचे 6 व 11 हे प्रकार ओळखले गेले, ज्यांच्यामुळे अशा दहांपैकी सुमारे नऊ चामखिळी होतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडविणारे 16 आणि 18 हे प्रकार निराळे. चामखीळ म्हणजे कर्करोगाची नांदी, ही धास्ती बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे.

उपायांत मात्र सुश्रुताची चौकट आजही ओळखू येते. 1942 पासून रूढ झालेले पोडोफायलिन हे एका वनस्पतीच्या मुळातील राळेपासून होते, आणि तिची हिमालयी जात आपल्याकडेच उगवते. डॉक्टर आधी भोवतालच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलिनचे कडे काढतात, मग काडीवरील कापसाने ते तपकिरी औषध नेमके अंकुरावर लावतात आणि काही तासांनी धुऊन टाकण्यास बजावतात. गर्भवतीस ते कदापि देत नाहीत. तिच्यासाठी तीव्र आम्ल, ज्याच्या स्पर्शाने अंकुर पांढराफटक पडतो, किंवा द्रव नायट्रोजनचे गोठवणे चालते. विजेने जाळणे आणि कापून काढणे हेही आहेच. चामखिळीस घोड्याचा केस बांधणे किंवा चुना-सोड्याचा लेप देणे, ही घरगुती तजवीज मात्र या नाजूक जागी जखमेस आमंत्रण देते. शिवाय उपदंशातही असेच चपटे ओलसर उंचवटे येतात, म्हणून आधी रक्ततपासणी हवी. यांतील कोणताही उपाय अंकुर काढतो, विषाणू समूळ काढीत नाही; त्यामुळे चामखीळ पुन्हा उठली, तर रोग्याने खचू नये.

संसर्गानंतर अंकुर दिसू लागण्यास कित्येक आठवडे, महिने, क्वचित वर्षेही लागतात. तेव्हा तो कोणाकडून आला, हे वैद्यकास बहुधा सांगता येत नाही. असे असता, सुनेच्या अंगी दुखणे दिसले की तिच्यावर संशय घेऊन तिला माहेरी धाडणे, हा निव्वळ अन्याय आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने सिद्ध केलेली सर्व्हाव्हॅक ही लस 2023 साली उपलब्ध झाली. ती 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांपासून रक्षण करते, अर्थात संसर्गाआधी घेतली तर, आणि उठलेली चामखीळ तिने बरी होत नाही. ऑस्ट्रेलियाने 2007 पासून मुलींना अशीच लस दिली, तेव्हा तेथील लैंगिक आरोग्य चिकित्सालयांत प्रथमच येणाऱ्या एकवीस वर्षांखालील तरुणींतील चामखिळीचे प्रमाण 2011 पर्यंत शेकडा साडेअकरावरून एकाच्याही खाली आले. आपल्याकडे मात्र या लसीची ओळख केवळ मुलींची कर्करोगलस अशीच राहिली आहे. वास्तविक तिची परवानगी नऊ ते सव्वीस वर्षांच्या मुलग्यांसाठीही आहे. तरीही मुलीचे लसीकरण विचारावयास आलेल्या पालकांस, घरी मुलगा आहे का, असे आपण होऊन पुसणारा डॉक्टर अजून विरळाच.