कोषापासून हाडापर्यंत : विरघळणाऱ्या आधाराचं शास्त्र

मंडळी, आजचा विषय वैद्यकाचा वाटेल, पण त्याची सुरुवात आपण बारामती-इंदापूरच्या शेतापासून करू. उसाच्या या पट्ट्यात आता तुतीचेही प्लॉट दिसतात. संगोपनगृहात अळ्या पाला खातात, चंद्रिकेवर चढून कोष विणतात आणि ते कोष बारामतीच्या बाजार समितीत विक्रीला येतात. तिथून ते धागा काढायला जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कोषाला दुसरीही एक वाट आहे. ती शस्त्रक्रियागृहाकडे जाते.

आधी अडचण समजून घेऊ. हाडाला पडलेली लहान भेग शरीर स्वतःच भरून काढतं. पण अपघातात किंवा गाठ काढताना हाडाचा मोठा तुकडा गेला, तर पेशींना पलीकडच्या काठापर्यंत पोचायला काहीतरी आधार लागतो. जुना आणि अजूनही चांगला मानला जाणारा उपाय म्हणजे रुग्णाच्याच कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं. पण त्यात एक जखम भरण्यासाठी दुसरी करावी लागते, आणि घेता येण्याजोगं हाडही मोजकंच असतं. टायटॅनियमची पट्टी वजन पेलते, पण तिचं हाड होत नाही.

मग पेशींना तात्पुरता आधार द्यावा, असा विचार पुढे आला. आपण घराचा स्लॅब टाकताना सेंटरिंग लावतो ना, तसंच. लवकर काढलं तर स्लॅब बसतो, काढलंच नाही तर खोली वापरता येत नाही. शरीरात मात्र हे सेंटरिंग काढायला पुन्हा चीर देऊन चालत नाही. नवं हाड भरत जाईल त्या वेगानं ते आपलं आपण विरघळलं पाहिजे. आमच्या मते या साऱ्या शास्त्राचा गाभा तोच आहे : पदार्थ किती मजबूत आहे याइतकंच तो केव्हा निघून जातो, हे महत्त्वाचं.

आता रेशीमच का? कोषात मुख्यतः दोन प्रथिनं असतात. धाग्याचं फायब्रोइन, साधारण 70 ते 75 टक्के, आणि धागे चिकटवणारं डिंकासारखं सेरिसिन. दोन्ही एकत्र असलेल्या रेशमी टाक्यांमुळे काही रुग्णांना ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून कोष कापून सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात उकळतात, त्यात सेरिसिन निघून जातं. उरलेलं फायब्रोइन लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळवतात आणि नंतर बारीक छिद्रांच्या पडद्यातून तो क्षार काढून टाकतात. हाती उरतं ते पाण्यात विरघळलेलं रेशीम! त्याचा पापुद्रा करा, स्पंज करा, जेल करा नाहीतर बारीक कण करा.

वेग कसा ठरवायचा? फायब्रोइनच्या साखळ्या एकमेकींना लागून घट्ट थर रचतात. मद्यार्काची किंवा पाण्याच्या वाफेची प्रक्रिया केली की असे थर वाढतात. थर जास्त, तर विरघळणं सावकाश. शेवटी शरीरातली विकरं त्याचे तुकडे करतात आणि अमिनो आम्लं उरतात, आपल्या अन्नातून मिळतात तशीच.

हे काम आपल्या जवळच, पुण्यात चाललं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाचे सूक्ष्म कण एकमेकांना जोडून हाडासाठी सच्छिद्र सांगाडा तयार केला. दाब सहन करणारा आणि सावकाश विरघळणारा, असं त्याचं वर्णन 2018 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलं. याच संशोधनातून पुढे पुण्यात 'सेरिजेन' ही कंपनी उभी राहिली.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना एक गंमत दिसते. शस्त्रक्रियेच्या वर्गीकरणात 60 दिवसांच्या आत बहुतेक ताकद गमावणारा टाका तेवढा 'विरघळणारा'. त्या हिशेबानं रेशमी टाका 'न विरघळणारा' ठरतो. प्रत्यक्षात शरीर त्यालाही हळूहळू मोडतंच. म्हणजे नाव पदार्थाच्या स्वभावाचं नाही, आपण ठरवलेल्या मुदतीचं आहे. म्हणून 'हे विरघळतं का?' एवढं विचारून भागत नाही. 'किती दिवसांत?' हेही विचारावं लागतं.

आता शेतकरी मित्रांसाठी. धागा काढताना सलग तार लागते, म्हणून भोक पडलेल्या कोषाला भाव मिळत नाही. वैद्यकीय कामात कोष कापायचाच असतो, तार तुटली तरी बिघडत नाही. पण स्वच्छता, रोगमुक्त अळी आणि प्रत्येक लॉटची नोंद मात्र काटेकोर लागते. शेजारच्या पिकावरची फवारणी तुतीवर आली तर अळीच दगावते, हे तुम्ही जाणताच. आणि एक स्पष्ट सांगतो : एका रुग्णाला लागणारं रेशीम ग्रॅममध्ये मोजायचं असतं. तेव्हा या मागणीच्या भरवशावर ऊस मोडून तुती लावू नका. कोषाचा भाव अजून तरी धाग्यावरच ठरतो.

आणि कृपा करून घरचा कोष जखमेवर बांधू नका. त्यात सेरिसिन असतं, जंतू असतात. शेतातला कोष आणि निर्जंतुक केलेलं फायब्रोइन यांच्यामध्ये वरची सगळी प्रक्रिया आहे, आणि त्यानंतर प्राण्यांवरच्या व माणसांवरच्या चाचण्या आहेत.

घरात कुणाला असं काही बसवायची वेळ आली, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : हे कशाचं बनलं आहे, किती काळात जाईल, आणि तोवर त्या जागेवर किती भार द्यायचा? तिसरं उत्तर लिहून घ्या. घाईनं कामाला लागलेला माणूस सेंटरिंग लवकर काढणाऱ्या गवंड्यासारखा असतो.