समजून घ्या : गाव हलले, पण कोरकूंच्या मुठवाचे काय?

मेळघाटातील कोरकूंचा पारंपरिक धर्म पोथीत नाही, गावाच्या जागेत आहे. म्हणूनच व्याघ्र प्रकल्पासाठी होणारे पुनर्वसन त्यांच्यासाठी नुसते घर बदलणे नसते.

देव कोणते?
सूर्य, चंद्र, डोंगरदेव आणि गावाचा राखणदार मुठवा. मुठवाला देऊळ लागत नाही. दगडांची रास हेच त्याचे ठाणे. पूजा गावचा भूमका करतो.

पूर्वज कुठे असतात?
मृत्यूनंतर काही काळाने ‘सिडोली’ विधी होतो. सागवानी फळीवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरून ती गावच्या ठरलेल्या जागी रोवतात. हा ‘मुंडा’. या विधीनंतरच मृत माणूस पूर्वजांत सामील झाला, असे मानतात.

पेच काय?
बोरी, कोहा, कुंड ही गावे मेळघाटातून अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात हलवली गेली. घर, शेती, रोख रक्कम यांचा हिशेब कागदावर होतो. मुठवाच्या ठाण्याचा आणि मुंड्यांचा होत नाही.

कायदा काय म्हणतो?
वनहक्क कायदा, २००६ परंपरागत हक्क मान्य करतो. अशा पुनर्वसनाला ग्रामसभेची लेखी संमती लागते. त्यामुळे सहीआधी मोबदल्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न : जुन्या ठाण्यापर्यंत जायची वाट उघडी राहणार का?