बेडकांची घटती हजेरी

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळी करून आलेला ओतशाळेतला एक कामगार युनियनच्या कचेरीत बसून आम्हांला म्हणाला, "आण्णा, औंदा वड्याकडंला बेडकं वरडलीच न्हाईत. कुठं गेली असतील ओ?" आम्ही सातवीत शाळा सोडलेले, जे शिकलो ते वाचनालयात आणि माणसांत. उत्तर येईना, म्हणून पुस्तके धुंडाळली. हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

एका ओढ्यावरून जगाचा निष्कर्ष काढू नये, हे खरे. पाऊस लांबला की बेडूक गप्प बसतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा ओरडतो. परंतु १९८९ साली इंग्लंडात कँटरबरी येथे या विषयाच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा देशोदेशींची माणसे एकमेकांस हीच तक्रार सांगू लागली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या आठ हजारांहून अधिक जाती तपासल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे ४१ टक्के धोक्यात आढळल्या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकी वाईट अवस्था दुसऱ्या कोणत्याही वर्गाची नाही.

हे बेडकाच्याच वाट्याला का यावे? त्याचे संसार दोन. अंडी आणि शेपटीची पिल्ले पाण्यात, मोठा झाल्यावर वावर जमिनीवर. यांतले एक घर मोडले तरी वंश बुडतो. शिवाय त्याची कातडी पातळ व ओलसर. तिच्यातून तो पाणी घेतो, काही अंशी श्वासही घेतो. पाण्यात जे मिसळेल ते त्याच्या अंगात उतरते.

कारखान्यात अपघात झाला की मालक म्हणतो, कामगार बेसावध होता. आम्ही विचारतो, यंत्राला जाळी होती काय, पाळी किती तासांची, उजेड पुरेसा होता काय? तशीच चौकशी येथे केली पाहिजे. कारण एक नसते.

पहिले कारण, घर जाणे. आपल्या कोल्हापुरात वरुणतीर्थ बुजून गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाच्या जागी मंडई बसली. माणसाची सोय झाली; बेडकाचे पाणी गेले. डोंगरावरचे सडे ओसाड दिसतात, पण पावसात त्यांच्या खळग्यांत बेडकांची बाळंतपणे होतात. आंबोलीचा भेक २००९ साली शास्त्राला नव्याने ज्ञात झाला आणि आज तो अतिसंकटग्रस्त जातींत मोडतो. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांत बॉक्साइट आहे. सडा खणला की खळगे गेले. घाटरस्त्यावर पावसाळी रात्री चाकांखाली चिरडले जातात ते निराळेच.

दुसरे कारण, विष. अॅट्राझिन हे तणनाशक घ्या. २००२ साली अमेरिकेतील टायरोन हेज यांनी मांडले की, पाण्यात त्याचा अत्यल्प अंश असला तरी नर बेडकांच्या जननेंद्रियांत मादीची लक्षणे उमटतात. उत्पादकांच्या पैशावर झालेल्या अभ्यासांत तसे आढळले नाही, आणि वाद मिटलेला नाही. कोणता अभ्यास कोणाच्या पैशावर झाला, हे विचारण्याची सवय आम्हांला चळवळीने लावली आहे.

तिसरे, पकड. परदेशी ताटांसाठी बेडकांच्या तंगड्या हजारो टनांनी आपल्या देशातून जात. कीड खाणारा बेडूक विकायचा आणि कीटकनाशक विकत आणायचे, असा हा व्यापार होता. १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. तरीही गोव्याकडे पहिल्या पावसात 'जंपिंग चिकन' या नावाखाली चोरून शिकार होते.

चौथे, रोग. १९९८ साली ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिकेतील मेलेल्या बेडकांच्या कातडीत एक बुरशी सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ती कातडीचे काम बिघडवते, रक्तातील क्षारांचा तोल जातो आणि अखेर हृदय थांबते. २०१९ च्या एका अभ्यासाने ५०१ जातींच्या घटीचा संबंध तिच्याशी जोडला. आपल्या पश्चिम घाटातही ती २०११ साली आढळली. मात्र तिकडच्यासारखी मोठी मरतूक येथे नोंदलेली नाही.

पाचवे, बदलते हवामान. वळवाच्या सरीने खळगा भरतो, बेडूक अंडी घालतो, मग पाऊस दडी मारतो आणि पिल्लांना पाय फुटण्याआधीच खळगा आटतो.

ही कारणे एकमेकांना हात देतात. अर्धपोटी कामगाराला क्षय होतो, तेव्हा जंतूही खरा आणि उपासही खरा.

कोणी म्हणेल, माणसांचे प्रश्न थोडे आहेत काय, की युनियनवाल्याने बेडकांची वकिली करावी? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेतलेला मजूर आणि बांधावरचा बेडूक एकाच रानात उभे असतात. बेडकाला हातमोजे देता येत नाहीत. मजुराला ते देता येतात आणि दिले जात नाहीत. विष कमी झाले तर दोघांचाही फायदा आहे.

त्या कामगाराला आम्ही इतकेच सांगितले की, तुझ्या ओढ्याचे नेमके कारण एका वर्षाच्या शांततेवरून कळणार नाही. पहिला पाऊस कधी पडला, पहिला आवाज कधी आला, वर कोणी काय फवारले, पाण्याचा रंग कसा होता, हे दरसाल वहीत मांड. बेडूक मोर्चा काढीत नाही, निवेदन देत नाही. त्याची हजेरी आपणच मांडली पाहिजे. परवा तो दुरेघी वही घेऊन आला होता. पहिले पान अजून कोरे आहे, पण वर साल घातलेले आहे.