संकेतस्थळावरील बोधचिन्हाचा आकार आणि शैलीनियम

प्रस्तावना :
बोधचिन्ह ही संस्थेची प्रथमदर्शनी ओळख होय. छापील पत्रशीर्षावर त्याचा आकार एकदा ठरला की तो कायम राहतो. संकेतस्थळावर मात्र तेच चिन्ह संगणकाच्या रुंद पडद्यावर आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावरही पाहिले जाते. आकार चुकल्यास वर्तुळाकार मुद्रा लंबगोल दिसते, ब्रीदवाक्य वाचता येत नाही, किंवा शीर्षभाग इतकी जागा व्यापतो की प्रवेशाची सूचना विद्यार्थ्याच्या नजरेआड जाते. म्हणून हा प्रश्न केवळ सजावटीचा नाही. प्रस्तुत लेखात बोधचिन्हाचा आकार शैलीनियमांच्या साहाय्याने कसा नियंत्रित करता येतो, याचे विवेचन केले आहे.

शैलीनियमांचे स्वरूप :
वेबपानांसाठी 'कॅस्केडिंग स्टाइल शीट्स' अर्थात सीएसएसचा प्रस्ताव होकोन व्ह्यूम ली यांनी १९९४ मध्ये मांडला. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९६ मध्ये तिची पहिली शिफारस प्रसिद्ध केली. यातील प्रत्येक नियमाचे तीन घटक असतात : नियम कोणत्या घटकाला लागू आहे हे सांगणारा निवडक, बदलावयाचा गुणधर्म आणि त्याचे मूल्य.

प्रमाणाचे महत्त्व :
समजा, मूळ चित्र ६०० पिक्सेल रुंद व २०० पिक्सेल उंच आहे. म्हणजेच त्याचे प्रमाण ३:१ आहे. रुंदी २४० पिक्सेल ठेवून उंची 'ऑटो' ठेवल्यास ब्राउझर ती ८० पिक्सेल धरतो व प्रमाण टिकते. याउलट उंचीही १२० पिक्सेल अशी निश्चित केल्यास चिन्ह दीडपट उभट दिसते. यास्तव एकच माप निश्चित करून दुसरे 'ऑटो' ठेवणे श्रेयस्कर ठरते. 'मॅक्स-विड्थ' १०० टक्के ठेवल्यास चिन्ह आपल्या चौकटीबाहेर जात नाही. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर २४० पिक्सेलचे चिन्ह दोन तृतीयांश रुंदी व्यापते. अशा पडद्यांसाठी 'मीडिया क्वेरी' वापरून १५० पिक्सेलचा स्वतंत्र नियम देता येतो.

स्पष्टतेचा प्रश्न :
लहान चित्र शैलीनियमाने मोठे केल्यास ते धूसर होते. कारण नियम आकार बदलतो, चित्रातील तपशील वाढवीत नाही. दुप्पट घनतेच्या पडद्यावर २४० पिक्सेलच्या जागेसाठी ४८० पिक्सेल रुंदीचे चित्र आवश्यक असते. रेषाधारित एसव्हीजी स्वरूपात ही अडचण उद्भवत नाही.

नियमांचा अग्रक्रम :
अनेकदा नियम लिहूनही परिणाम दिसत नाही. एकाच घटकाला अनेक नियम लागू होत असतील, तर अधिक नेमक्या निवडकाचा नियम प्रभावी ठरतो. नेमकेपणा समान असल्यास नंतर आलेला नियम मानला जातो. वर्डप्रेसमध्ये २०१६ च्या ४.७ या आवृत्तीपासून 'ॲडिशनल सीएसएस' ही सोय आहे. तेथे लिहिलेले नियम थीम अद्ययावत केल्यावरही टिकतात. थीमच्या मूळ फाइलमध्ये केलेले बदल मात्र पुसले जातात. 'इम्पॉर्टन्ट' या शब्दाने नियम बळेच लादता येतो, परंतु त्याच्या सरसकट वापराने पुढील दुरुस्त्या अवघड होतात.

समारोप :
चिन्हाचे प्रमाण, मूळ चित्राची स्पष्टता आणि नियमांचा अग्रक्रम यांचा एकत्रित विचार केल्यास मोजक्या ओळींत बोधचिन्ह सुयोग्य आकारात मांडता येते. लहान पडद्यावर ब्रीदवाक्य वाचता येत नसेल, तर चिन्ह मोठे करण्यापेक्षा संस्थेचे नाव मजकुराच्या रूपात शेजारी देणे अधिक हितावह होय.